पिवळ्या दिव्याचे जाणकार

गाडीचं सर्व्हिसिंग आपणच करायचं, हे मी एका एअर फिल्टरमुळे ठरवलं. त्याआधीच्या खेपेला गाडी वर्कशॉपला देताना मी जुन्या फिल्टरच्या कडेला पेनानं बारीकशी फुली मारून ठेवली होती. संशय होताच. संध्याकाळी गाडी परत आली ती चकाचक धुतलेली, आत अत्तर फवारलेली, आणि बिलात नवा एअर फिल्टर. घरी येऊन डबा उघडला तर आत माझीच फुली. मी फोन लावला. पलीकडच्या माणसानं अत्यंत नम्रपणे सांगितलं, "मॅडम, ऐसे मार्क तो कंपनी से ही लगके आते हैं."

इतकं आळशी खोटं ऐकल्यावर माणसानं हातात पाना घेतला नाही तर नवलच.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. नवरा एका मंत्रालयात, मी दुसऱ्यात. ऑफिसला दोघंही मेट्रोनं जातो. गाडी बाहेरगावच्या आणि नोएडाच्या कामाला. ती माझ्या पगारातून घेतलेली, चालवतेही बहुतेक मीच. ग्लोव्ह बॉक्समधलं तिचं मॅन्युअल आमच्या घरात फक्त मी वाचलंय. नवऱ्याच्या मते मॅन्युअल हे गाडी विकताना पुढच्या मालकाला देण्यासाठी असतं.

थंडीतला शनिवार होता. खाली गल्लीत ऊन आलं तशी मी गाडीची पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवली आणि तिच्याखाली सरकले. सासूबाई नागपूरहून हिवाळ्यापुरत्या आलेल्या. त्या खुर्ची टाकून मेथी निवडत शेजारी बसल्या. जुनं ऑइल पातेल्यात पडायला लागलं तेव्हा वाकून म्हणाल्या, "बाप्पा! हे तर काजळासारखं झालं आहे. अन् हे लोक म्हणे दरवेळी बदलतात?"

ऑइल झालं, ऑइल फिल्टर झाला, मग एअर फिल्टर. त्याच्या डब्याचं झाकण काढायचं तर आधी त्यावरच्या नळीतल्या सेन्सरचा प्लग काढावा लागतो. इंजिनात किती हवा जातेय हे तो सेन्सर मोजतो. प्लग काढला, नवा फिल्टर बसवला, झाकणाच्या चारही क्लिपा लावल्या आणि प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत दाबला. हा 'टक्' मला फार आवडतो. सरकारी नोकरीत कुठलंच काम इतक्या स्पष्टपणे पूर्ण होत नाही.

तोवर कॉलनीतले पुरुष जमायला लागले होते. दिल्लीत बॉनेट उघडं दिसलं की पुरुष जमतात, जशी सांडलेल्या साखरेवर मुंग्यांची रांग. फरक एवढाच की मुंग्या काहीतरी काम करतात. एकानं विचारलं, "भाईसाहब घर पे नहीं हैं?" भाईसाहब बाल्कनीत उभे होते, चहाचा कप घेऊन. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे साहेब तर खास खाली उतरून आले. ते नवऱ्यापेक्षा एक पायरी वरच्या हुद्द्यावर आहेत, आणि ही पायरी ते जिन्यातसुद्धा विसरत नाहीत. हात मागे बांधून त्यांनी इंजिनाची पाहणी केली आणि म्हणाले, "बहुत बढ़िया. कुछ न कुछ शौक होना चाहिए."

शौक! रोज सकाळी मी पोळ्या लाटते तेव्हा कोणी जिना उतरून येऊन शौक म्हणत नाही.

गाडी सुरू केली. आवाज गोड. गल्लीतून एक चक्कर मारून आणली, खाली कुठे ऑइल गळत नाही ना ते पाहिलं, हात धुतले. त्या रात्री मला जी झोप लागली ती बढतीच्या ऑर्डरनंतरही लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिराकडे जायचं होतं. त्यानं नोएडात नवीन फ्लॅट घेतलेला, दुपारी बुद्धवंदना आणि जेवण. मी आंघोळ करून साडी नेसेपर्यंत नवरा "गाडी पुसून ठेवतो" म्हणून खाली गेला. हे नवीन होतं. लग्न झाल्यापासून त्यानं गाडी पुसल्याचं मला आठवत नाही. पण नव्या घरी जायचंय, भावाला दाखवायचंय, म्हणून असेल असं मला वाटलं.

आश्रम चौकाच्या पुढे, नोएडाकडे जाणाऱ्या डीएनडी उड्डाणपुलावर चढताना, रस्त्याच्या जोडावर गाडीला हलकासा दणका बसला आणि समोर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं छोटं चित्र असतं ना, तो. गाडी किंचित अडखळली, पुन्हा चालू लागली.

"लागला!" नवरा म्हणाला. मला आज वाटतं, हे त्यानं जरा फारच पटकन म्हटलं.

"काय लागला?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"इंजिनाचा दिवा, आई. मी म्हणत होतो."

"तू काय म्हणत होतास?" मी विचारलं.

"काही नाही. बाजूला घे."

मी घेतली नाही. दिवा पिवळा होता, लाल नव्हता. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे सांभाळून जा आणि सवडीनं बघ. इंजिनाचं तापमान ठीक, ऑइलचा दिवा बंद. मी वेग कमी केला आणि डावीकडून चालवत राहिले. नवरा दरवाजाच्या वरची कडी धरून बसला, जणू गाडी आता उडणारच आहे.

दिराच्या घरी पोचलो तोवर बातमी फोनवरून आधीच पोचली होती. दीर आयटीत आहे. त्याला वाटतं, लॅपटॉप कळतो म्हणजे ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं आपल्याला कळतं. "वहिनी, बुरा मत मानना," तो हसत म्हणाला, "पण काही कामं प्रोफेशनल लोकांना द्यावीत यार. तुम्ही युट्यूब बघून कढी करा, इंजिन नको."

"कढी तर तू कधी केली नाहीस," सासूबाई म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा त्यानं ऐकलं नाही.

वंदना झाली, जेवणं झाली. श्रीखंड खाताखाता माझ्या गाडीवर परिसंवाद भरला. दिराच्या एका मित्रानं सांगितलं की ऑइल चुकीचं पडलं असणार. दुसऱ्यानं सांगितलं की स्पार्क प्लग. मी प्लगांना हात लावला नव्हता असं म्हटल्यावर तो म्हणाला, "तेच. लावायला हवा होता." दिरानं ओळखीच्या वर्कशॉपला फोन केला, रविवारीही उघडं असतं. मीही बरोबर येते म्हटल्यावर दोघा भावांचे चेहरे पडले, पण चावी माझ्याकडे होती.

वर्कशॉपमधला सल्लागार इस्त्रीच्या शर्टातला, हातात टॅब. त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडली, टॅबकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, गाड़ी किसने खोली थी?"

"मैंने," मी म्हटलं.

तो अजूनही नवऱ्याकडेच बघत होता. "सर, एअर सेन्सर का कोड है. सेन्सर बदलना पड़ेगा. बाहर का ऑइल डाला है तो इंजिन फ्लश भी करना होगा, अंदर से धोना पड़ेगा. गाड़ी छोड़ जाइए."

"सेन्सर खराब है, ये टॅब बोल रहा है या आप बोल रहे हैं?" मी विचारलं. "टॅब तो इतना ही बोल रहा है ना कि सेन्सर का सिग्नल ठीक नहीं आ रहा?"

"मॅडम, एक ही बात है."

एकच गोष्ट कशी असेल? फोन लागत नाही म्हणजे पलीकडचा माणूस मेला, असं म्हणण्यासारखं झालं. पण त्यानं मला हवं ते सांगून टाकलं होतं. बिघाड हवेच्या सेन्सरकडे होता, म्हणजे बरोबर तिथेच जिथे आदल्या दिवशी माझा हात लागला होता. मग आधी तेच बघायचं, नवा भाग नंतर. मी त्याला बॉनेट उघडायला सांगितलं. "कस्टमर को अलाउड नहीं है," तो म्हणाला. मी म्हटलं, ठीक, आणि गाडी सुरू करून फाटकाबाहेर काढली. मागे दीर कोणाची तरी माफी मागत होता.

त्यांच्याच भिंतीलगत, झाडाखाली, गाडी उभी केली आणि साडीचा पदर खोचून बॉनेट उघडलं. फार शोधावं लागलंच नाही. सेन्सरचा प्लग अर्धवट बसलेला, तिरका. बोटानं हलवला तर डुगडुगला. आणि फिल्टरच्या झाकणाची मागची एक क्लिप सुटून लोंबत होती.

खरं सांगते, क्षणभर मला स्वतःचीच शंका आली. म्हणजे हे सगळे जण बरोबर होते? पण तो 'टक्' मी ऐकला होता. चारही क्लिपा मी लावल्या होत्या, आणि मागची सगळ्यात अवघड म्हणून तर नखसुद्धा मोडलं होतं. मी मोडक्या नखाकडे बघत उभी होते, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून डोकावत नवरा पुटपुटला, "ही क्लिप त्यांनी लावली नाही वाटतं."

मी वळले. "त्यांनी म्हणजे कोणी?"

त्याच्या लक्षात आलं. शब्द परत गिळता आला असता तर त्यानं गिळला असता.

"अगं... सकाळी वरचे साहेब भेटले. म्हटलं, एकदा नजर टाका. त्यांच्या मामाचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता."

"मामाचा!"

"त्यांनी फक्त बघितलं. फिल्टर सुलटा बसलाय का ते. झाकण उघडलं, परत लावलं. आई गाडीत बसणार होती, अगं. मला काळजी वाटली."

तर गाडी पुसणं हे असं होतं. मी साडी नेसत असताना खाली माझ्या कामाची तपासणी चालली होती, आणि तपासणारा कोण, तर ज्याला स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायचं असलं की ऑफिसचा ड्रायव्हर बोलवावा लागतो तो माणूस. त्यानं चांगला बसलेला प्लग उपटला, अर्धवट खुपसला, क्लिप लोंबती ठेवली, हात झटकले आणि बहुतेक नवऱ्याला सांगितलं असणार, ठीक है.

"मी केलेली भाजी चाखायला तू कधी वरच्यांना बोलावलंस?" मी विचारलं. "आई ती पण खातात."

दीर तेवढ्यात धापा टाकत आला. मी प्लग दाबला. टक्. क्लिप लावली. गाडी सुरू केली. इंजिन एका सुरात चालू लागलं, पण दिवा तसाच.

"बघा, अजून आहेच!" दीर म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क आनंद होता.

मी त्याला सांगितलं की गाडीचा कॉम्प्युटर पुन्हा काही वेळा गाडी चालवून खात्री करून घेतो आणि मग दिवा आपोआप विझवतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय. कॉम्प्युटरबद्दलची गोष्ट माझ्याकडून ऐकावी लागल्याचं त्याला फार लागलं असावं.

दिराच्या घरी पोचल्यावर मी सासूबाईंना झाला प्रकार सांगितला, आणि परतीच्या वाटेवर त्या पुढे बसल्या, नवरा मागे. तसं कोणी ठरवलं नव्हतं. त्या येऊन बसल्या. आश्रम चौक आला. मग त्याच मागे न बघता त्याला म्हणाल्या, "मले तर काही भेव वाटलं नव्हतं. तुले वाटलं होतं तर तू रिक्षानं यायचं होतं. माझं नाव कायले पुढं केलं?"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. राग खरा होता आणि तो मला वाया घालवायचा नव्हता. त्यानं काळजी केली याचं मला वाईट वाटलं नाही. चोरून केली याचं वाटलं. समोर येऊन "एकदा माझ्यादेखत उघडून दाखव" म्हणाला असता तर मी दाखवलं असतं, क्लिपासकट. पण बायकोवर शंका घेतोय हे बायकोला कळू नये इतकी सभ्यता त्याच्यात होती, आणि एवढ्या सभ्यतेनंच सगळा घोटाळा केला.

घरी आल्यावर भांडण झालं, त्याचं वर्णन करत नाही. शेवटी त्यानं कबूल केलं की साहेबांना नाही म्हणणं त्याला कधी जमतच नाही. त्यांनी "दिखाओ ज़रा" म्हटलं आणि यानं बॉनेट उघडलं. म्हणजे नजर टाका असं यानं म्हटलंच नव्हतं. साहेबांना नाही म्हणता आलं नाही हे माझ्यापुढे कबूल करायचं धाडस नव्हतं, म्हणून ते बनवलं होतं. कुठलं कारण जास्त वाईट, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आठवड्यात केव्हातरी दिवा विझला. मी भाजी आणायला निघाले होते, चावी फिरवली, आणि तो तिथे नव्हता. घरात कोणाला सांगितलं नाही. नवरा रोज जाता-येता काचेतून डोकावून बघतो हे मला माहीत होतं. बघू दे म्हटलं.

मग एके दिवशी जिन्यात वरचे साहेब भेटले. आम्ही दोघं खाली चाललो होतो. त्यांनी विचारलं, "गाड़ी ठीक चल रही है? उस दिन मैंने एक नज़र मार ली थी. थोड़ा-बहुत सेट कर दिया था."

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या शेजारून नवऱ्याचा आवाज आला. जरा कापरा होता. "सर, ठीक चल रही है. जो आपने ढीला छोड़ा था, वो इन्होंने लगा दिया."

साहेबांनी "अच्छा, अच्छा" म्हटलं आणि जिना चढून गेले. त्यांना काय कळलं कोण जाणे. अशा माणसांना अपमान कळायलाही फाईल वरून खाली यावी लागते. नवऱ्याचे कान लाल झाले होते. गल्लीत आल्यावर त्यानं विचारलं, "बरोबर बोललो ना?"

"उशिरा बोललास," मी म्हटलं आणि चावी त्याच्याकडे न देता दरवाजा उघडला.