जून लाकूड

शिल्प उभं करायच्या आधी अंतोनकाका नव्या चौथऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठून वाहून जातं ते उकिडवं बसून बघायचे. पाणी थांबलं, तर चौथरा फोडायला लावायचे. "लाकूड पावसाने नाही रे कुजत, साचलेल्या पाण्याने कुजतं," हे मी इतक्यांदा ऐकलं, की पुढेपुढे मीच आधी म्हणून टाकायचो.

काका मूळचे वसईचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर दिल्लीत आर. के. पुरममध्ये मुलीच्या क्वार्टरमध्ये राहत आणि मागच्या अंगणात लाकूड कोरत. आम्ही त्यांचे शेजारी; मी दिल्लीतच वाढलेला. गुडगावात तेव्हा शेतं जाऊन सोसायट्या उठत होत्या आणि मी एका बिल्डरकडे नुकताच चिकटलो होतो. सोसायटीच्या फाटकापाशी लाकडी शिल्प हवं, असं साहेबांच्या मनात आलं. मी काकांचं नाव सुचवलं. पसंत पडलं तर आणखी पाच सोसायट्यांची कामं त्यांनाच मिळणार होती. साठी उलटल्यावर त्यांना पहिल्यांदाच अंगणापेक्षा मोठी जागा मिळत होती.

"मला जून लाकूड लागेल," ते मार्चमध्ये म्हणाले. "त्याशिवाय हात लावणार नाही."

मी वखारवाल्याला बजावलं, "जून में ही चाहिए, पहले नहीं." काकांना सांगितलं, "जूनच मागवलंय." दोघंही खूश.

तीन जूनला शिसमचा ओंडका उतरला. काकांनी नखाने साल खरवडली. नख ओलं झालं.

"हे तर कोवळं आहे."

"काका, आज तीन जून आहे!"

"अरे, जून म्हणजे पक्कं, मुरलेलं. भेंडी जून निघाली, असं म्हणत नाही का तुझी आई?"

आई म्हणायची. आम्ही मुलं 'हां, अच्छा' म्हणून ताट पुढे ओढायचो.

दिवाळीला उद्घाटन होतं. साहेब थांबायला तयार नव्हते आणि दुसरा ओंडका आणायलाही. काकांनी शेवटी त्यातूनच घागर घेतलेली बाई कोरली. तडकलंच तर मागे तडकावं, म्हणून तिच्या पाठीत गाभ्यापर्यंत उभी खाच पाडली. लोखंडी दांड्यावर, चौथऱ्यापासून दोन बोटं वर, तिला उभी केली आणि जवसाचं तेल पाजलं. सुंदर झाली होती.

पुढच्या मे महिन्यात लू, तो कोरडा गरम वारा, सुटली आणि तडा समोरूनच गेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "लकड़ी किसकी पसंद थी?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

"काम मैंने किया है," काका म्हणाले. "गलती मेरी है."

पाचही कामं गेली. माझी नोकरी वाचली आणि मला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. बसस्टॉपवर मी त्यांचे आभार मानले.

"आभार कसले," ते येणाऱ्या बसकडे बघत म्हणाले. "मला वाटलं होतं, तू मला मध्येच अडवशील."