हरकत माझ्याच अक्षरातली

"ह्ये अक्षर कुणाचं हाय, त्ये त्यांनाच इचारा साहेब," अण्णा म्हणाले आणि त्यांनी एक कागद टेबलावरून पुढे सरकवला.

महापालिकेच्या साहेबांनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्यापुढे आला. चष्मा लावायच्या आधीच मी तो ओळखला.

"वाचा की काका. मोठ्यानं वाचा. समद्यांना ऐकू द्या."

मी उभा राहिलो आणि वाचलं. का वाचलं? अण्णांनी वाचा म्हटलं म्हणून. चाळीस वर्षांची सवय.

"सदर घरास केवळ निवासी वापराची परवानगी असताना तेथे व्यसनी इसमांना ठेवण्यात येत आहे. अशा इसमांच्या वावरामुळे परिसरातील सभ्य कुटुंबांना राहणे मुश्कील झाले आहे. तरी सदर केंद्र तात्काळ बंद करण्यात यावे."

मागच्या खुर्च्यांवर आमच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं होती. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "अक्षर मात्र मोत्यासारखं हाय हां काका." सगळे हसले. साहेबही थोडं हसले. मी त्र्याहत्तर वर्षांचा.

सुनावणी माझ्या अर्जावर होती. पिंपळे गुरवमधलं माझं घर निवासी वापरातून काढून संस्थेच्या वापराला द्यावं, असा अर्ज मी केला होता. दारू सोडलेल्या माणसांना राहण्यासाठी. दवाखान्यातून सुटलेला माणूस थेट घरी गेला की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बुडतो. मधले काही महिने त्याला एक जागा लागते. तशी जागा. आणि तीन वर्षांपूर्वी अशीच एक जागा बंद पाडणारा अर्ज मीच लिहिला होता.

तो का लिहिला, ते सांगतो. कुणी विचारलेलं नाही. तरी सांगतो.

मी धाराशिवकडचा. विशीत इकडे आलो. चिंचवडला एका कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो ते निवृत्तीपर्यंत. अण्णांच्या वडिलांकडून एक गुंठा घेतला. तेव्हा तिथं ज्वारी होती. अण्णांचं घराणं गावातलं जुनं. आम्ही बाहेरचे. पहिली दहा वर्षं मला नाव नव्हतं. "त्ये बाहेरचं कारकुंडं" एवढंच. पुढे गल्लीला पाणी हवं, ड्रेनेज हवं, दिवे हवेत, तेव्हा अर्ज कोण लिहिणार? मी. मग मी काका झालो. अण्णा बागेतल्या बाकावर येऊन बसले की मी उठून उभा राहायचो. ते म्हणायचे, "बसा हो काका." तरी दर वेळी उठायचो.

माझा मुलगा संजय. चाकणला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर. आधी शिफ्ट सुटल्यावर प्यायचा, नंतर शिफ्टच्या आधी. संजयची आई त्याच काळात वारली. मी त्याला दवाखान्यात ठेवलं. तिथून सुटल्यावर दिलीप नावाच्या माणसाच्या घरी ठेवलं. दिलीप वेल्डर. स्वतः कधीकाळी गटारात पडलेला. नदीच्या बाजूला त्यानं एक घर भाड्यानं घेतलं होतं. आठ माणसं. स्वतः स्वयंपाक करायची, भांडी घासायची, कंपनीच्या बसनं कामावर जायची. पाच महिने संजय प्यायला नाही. रविवारी मी गेलो की माझ्यासाठी भाकरी टाकायचा. जाड व्हायची. म्हणायचा, "बाबा, इथं कालचं कुणी काढत नाही."

गल्लीत मी सांगितलं होतं, संजयची बदली गुजरातला झाली.

मग एक दिवस बागेतल्या बाकावर अण्णा आले. मी उठलो.

"काका, त्या नदीच्या कडंला दारुड्यांचा अड्डा भरलाय. लोक वैतागल्यात. अर्ज लिवा."

माझा मुलगा तिथं आहे, असं मी म्हणू शकत होतो. बरं नाही, हात दुखतो, एवढं तरी म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. नाही म्हटलं तर का ते विचारतील. मग गुजरातचं काय सांगू? मी खिशातून पेन काढलं.

पण इथवरची गोष्ट मी स्वतःला पूर्वीही सांगितली आहे. भ्यायलो म्हणून लिहिलं, असं. ती अर्धी आहे. उरलेली अर्धी अशी की अण्णांना फक्त त्रास होतो, भांडणं होतात, एवढंच लिहून हवं होतं. त्यात काही दम नव्हता. असा अर्ज फाइलीत पडून राहिला असता. घराला फक्त निवासी वापराची परवानगी आहे, हा मुद्दा अण्णांना ठाऊकच नव्हता. तो मी घातला. कच्चा अर्ज मला बघवत नाही. चाळीस वर्षं मुद्देसूद लिहिलं, तसंच तेही लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, "व्हय, ह्ये जमलं." मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. मला बरं वाटलं होतं.

त्याच एका मुद्द्यावर घर बंद झालं. पंधरा दिवसांत आठ माणसं आठ दिशांना. संजय बॅग घेऊन घरी आला. दिलीपला मिळालेली अर्जाची नक्कल त्यानं पाहिली होती. दारात चप्पल काढता काढता म्हणाला, "बाबा, अक्षर तुमचं आहे." आणि वर गेला. माझ्याशी त्या विषयावर पुन्हा बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या आठवड्यात प्यायला. वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. लिव्हर.

लोकांना मी अटॅक सांगितला. खांदा द्यायला अण्णा होते.

नंतर मी दिलीपला शोधलं. तो चाकणजवळ निघोज्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार माणसं घेऊन राहत होता. म्हटलं, माझं घर घे. भाडं नको. त्यानं येऊन घर पाहिलं. नळ सोडून पाहिला. मी म्हणालो, "दिलीप, तो अर्ज मी..."

"माहीत आहे काका. संजय बोलला होता."

"तरी आलास?"

"पाणी चांगलं आहे. दोन बाथरूम आहेत. तुमच्याशी मला काय करायचंय?"

मग म्हणाला, "पण आधी वापर बदलून घ्या. नाहीतर परत कुणीतरी अर्ज लिहील."

मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, समाजकार्य. तेव्हाही लपवलं.

तर सुनावणी. मी वाचून खाली बसलो. अण्णा मवाळ झाले. जिंकलेला माणूस होतो तसे.

"साहेब, काकांवर आमचा राग न्हाई. देवमाणूस हाय. पोरगं अटॅकनं गेलं, तवापासून डोकं जाग्यावर न्हाई. त्यांना कोन तरी भरीला घातलंय. चला काका, अर्ज मागं घ्या. घरी सोडतो गाडीनं."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहान मुलाला उठवतात तसा.

शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो, खात्री आहे. तो हात मात्र सहन झाला नाही. मी तो बाजूला केला. माझ्या मुलाच्या मरणाचं खोटं कारण त्या माणसाच्या तोंडून दयेसारखं येत होतं, आणि ते त्याला मीच दिलं होतं.

"माझा मुलगा अटॅकनं गेला नाही," मी म्हणालो. "दारूनं गेला. गुजरातला गेला नव्हता. त्या नदीकाठच्या घरात होता. पाच महिने प्यायला नव्हता. हा अर्ज लिहून मी त्याला तिथून बाहेर काढलं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, "हे नोंदवून घ्यायचं का?"

"घ्या."

अण्णांना सावरायला वेळ लागला नाही. "म्हंजी इतकी वर्सं फसवलंत व्हय आमाला? साहेब, मंग ह्ये पन लिवा. आपलं पोरगं ज्यांना सांभाळता आलं न्हाई, त्ये धा दारुडे आमच्या गल्लीत आनून बसवनार."

तेही नोंदवलं गेलं. त्याखाली मी सही केली.

अर्ज नामंजूर झाला. स्थानिकांचा विरोध आणि रस्त्याची रुंदी अपुरी, ही कारणं. त्याच रस्त्यावर जिम आहे, क्लास आहे, कोपऱ्यावर बिअर शॉपी आहे. त्यांच्या वेळी रस्ता कुणी मोजला नाही. मी अपील केलंय. तेही फेटाळलं जाईल. मी आयुष्यभर फाइली पाहिल्या, मला कळतं. दिलीपच्या शेडच्या मालकानं त्याला जागा सोडायला सांगितली आहे. नदीकाठच्या आठ जणांपैकी तिघे गेले. संजय धरून.

बागेत मी बसलो की आता बाक रिकामा होतो. अण्णांनी माणूस पाठवला होता, घर विकताय का विचारायला. बिल्डर तयार आहे म्हणे. नाही म्हणून सांगितलं.

दिलीपच्या शेडमधला एक जण मी घरी आणलाय. रमेश नाव. संजयच्या खोलीत राहतो. संस्था नाही, केंद्र नाही. माझ्या घरात एक माणूस राहतो, त्याला परवानगी लागत नाही. गेल्या महिन्यात तो पिऊन आला. मी दार उघडलं, जेवायला वाढलं. पुन्हा पिईल. कदाचित मरेलही. माझ्यानं कुणी वाचेल असं मला वाटत नाही.

परवा अण्णा फाटकाशी थांबले. रमेश दोरीवर कपडे वाळत घालत होता.

"कोन ह्यो? पावना?"

पूर्वी मी भाचा आहे म्हणालो असतो.

"दारू सोडायला बघतोय. जमलेलं नाही अजून. इथंच राहणार."

"गल्ली ऐकायची न्हाई काका."

"नको ऐकू दे."

मी खुर्चीत बसलेलो होतो. उठलो नाही.