लकडगंजचे पोहे आणि काउंटची दुसरी बायको

"त्या मेल्या काउंटचं नाव जरी काढलंस तर घरात घेणार नाही!" पुणे स्टेशनवर आईने दम भरला आणि गाडी हलली.

आईचं काय चुकलं? मी इतिहासाचा प्राध्यापक. पाचशे वर्षांपूर्वीच्या हाइनरिश नावाच्या जर्मन काउंटवर (आपल्याकडचा जहागीरदार म्हणा) प्रबंध लिहीत होतो. मुलगी बघायला गेलो की तोंडातून दुसरं काही निघायचंच नाही आणि नकार यायचा. नागपूरनंतर आई हात टेकणार होती. मलाही लग्न करायचं होतं हो! खानावळीच्या आमटीला विटलो होतो.

नागपूरला उतरलो तर उन्हाने डोळेच मिटले. सायकलरिक्षावाल्याने मला न्याहाळलं. "पोरगी पाहाले आले काय जी?"

"कशावरून?"

"या उन्हात कोट घालून दुसरं कोण येते?"

लकडगंजात जिकडेतिकडे सागाचा वास. मुलीच्या वडिलांची लाकडाची वखार होती, मागेच घर. वडील होते, त्यांची बहीण आत्याबाई होत्या. मुलगी, कुमुद, पोहे घेऊन आली. पोह्यांवर लालभडक तर्री (हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा).

"बोला जी, लाजून काहून राहिले?" वडील म्हणाले.

झालं! काउंट बाहेर पडला. सख्ख्या भावाला त्याने बुरुजात कोंडलं, हुंडा वाचवायला मुलींना मठात धाडलं, सगळं सांगितलं.

"भावाले कोंडलं? मुडदा बशिवला त्याचा!" आत्याबाई कडाडल्या.

त्या धांदलीत मी तर्रीचा मोठा घास घेतला. दुसरी बायको बाळंतपणात गेली, एवढं सांगेपर्यंत घशात जाळ झाला. डोळे वाहू लागले, नाकही. त्या घरात तर्री रोजचीच; पोह्यांनी कोणी रडतं, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

"अवं माय! परक्या बाईसाठी रडून राहिला बापा हा," आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मग काउंटनं काय केलं जी?" वडिलांनी हळूच विचारलं.

तो लेकाचा महिन्याभरात तिसरी करून मोकळा झाला होता! पण आवाज फुटेना. मी नुसता हात हलवला. बिचारा पार खचला असणार, असं सगळ्यांनी धरलं. कुमुदने मात्र माझ्या लाल कानांकडे पाहिलं, हसू दाबलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

संध्याकाळी वडील संत्राबर्फी घेऊन स्टेशनवर हजर. "मेलेल्या बाईसाठी जो एवढा रडते, तो आमच्या पोरीले काय रडवन! आमच्याकडून पक्कं समजा."

परतीच्या गाडीत हुळहुळत्या जिभेवर बर्फी ठेवून मी काउंटला मनोमन हात जोडले. जन्मभर त्याने कोणाचं भलं केलं नाही. माझं मात्र केलं.

तिसऱ्या बायकोचं कुमुदला लग्नानंतर सांगितलं. माहेरी तिने अजून वाच्यता केलेली नाही. फक्त आमचं भांडण झालं की त्या दिवशी पोहे होतात, आणि माझ्या ताटलीत तर्रीचे दोन डाव ओतून ती म्हणते, "घ्या. दुसरी गेली ना बिचारी, रडा थोडं."