शीतलच्या बाबांचं तिकीट

आमच्या युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स ऑफिसात माझ्या टेबलासमोर एक जादा खुर्ची आहे. तिच्यावर बसणारा 'मुकादमसाहेब, फक्त एक सही' म्हणत येतो आणि अर्धा तास काहीतरी सांगून जातो. बहारीनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे पगारापेक्षा किस्सेच जास्त साठलेत! त्यातले बरेचसे शीतलचे. हसत हसत सांगायला घेतो आणि मध्येच चष्मा पुसायला लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

शीतल गुहागरकडची. लांब पल्ल्याची धावपटू. फी माफ, हॉस्टेल माफ, जेवण फुकट, पण स्टुडंट व्हिसावर बाहेर कमवायची सोय नाही. त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली तेव्हाच म्हणाली, "काका, बाबांची अख्खी नोकरी इथेच अस्करला झाली, अल्युमिनियमच्या कारखान्यात. लीव्ह मिळायची भर जूनमध्ये आणि आमच्या शर्यती थंडीत. मला धावताना त्यांनी एकदाही बघितलेलं नाही. आता ते रिटायर होऊन गावी बसलेत आणि मी इथे! मला त्यांचं तिकीट काढायचंय."

"मी काढतो. नंतर दे सावकाश."

"मग बाबांना तुम्ही आणलंत असं होईल ना, काका?"

पोरगी कोकणातली, वाकणार थोडीच!

*

पहिली संधी आली ती एका ज्यूस कंपनीची. त्यांना जाहिरातीसाठी शीतलचा फोटो हवा होता आणि पैसेही बरे देत होते. आमचे वकील म्हणाले, "पैसे घेतले की ते काम झालं. या व्हिसावर नाही चालणार."

पैसे मफी, म्हणजे इथल्या बोलीत 'नाहीत'; पण कंपनीवाले दिलदार. त्यांनी पैशांऐवजी ज्यूसचे खोकेच्या खोके पाठवले. हॉस्टेलच्या जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. शीतलनं एक बाटली तोंडाला लावली.

"कसला आहे?" मी विचारलं.

"वर आंबा लिहिलंय, काका."

"आणि आत?"

"आंबा मफी!"

*

मग ईसा टाउनमधल्या आपल्या कोकणी घरांतली मुलं तिच्याकडे धावायला शिकायला यायला लागली. पैसे घ्यायचे नाहीत हे आयांना मी बजावून सांगितलं होतं. पण आपल्या बायका कुणाला रिकाम्या हातानं पाठवतात होय? डब्यांची रांग लागली. बिर्याणी, घावणे, सांदणं!

आमचा कोच ट्युनिशियाचा. तो घड्याळ बघून ओरडला, "यल्ला, यल्ला! आज पाय का उचलत नाहीस?"

"कोच, सांदण जड झालंय."

कोच काळजीत पडला. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "हे सांदण मांडीत असतं की पोटरीत?"

*

डीन साहेबांनी मग जुफैरहून एक तज्ज्ञ बोलावला. विषय काय, तर 'खेळाडूंची कमाई'. सूट, स्लाइड्स, सगळा थाट. "तुम्ही प्रत्येक जण एक ब्रँड आहात!" असं तो तासभर सांगत होता.

शेवटी शीतलनं हात वर केला. "सर, ब्रँड स्टुडंट व्हिसावर असला तर त्यानं काय करायचं?"

तज्ज्ञ पाणी प्यायला. सगळे हसले, ती मात्र हसली नाही. मला तिच्याकडे बघवेना.

मी बाहेर डीन साहेबांना गाठलं. "साहेब, पाहुणे कशाला बोलावता? कॅम्पसच्या आत काम द्या. तेवढं चालतं, वकिलांनीच सांगितलंय. आपल्या ट्रॅकवर शाळांच्या शर्यती होतात, त्यांना टाइमकीपर लागतोच."

साहेब म्हणाले, "इंशाल्ला." आमच्याकडे इंशाल्ला म्हणजे एक सेमिस्टर तरी धरायचं. पण त्यांनी शब्द पाळला. शीतलला घड्याळ मिळालं, पगार सुरू झाला आणि यथावकाश तिनं तिकीट काढलं. मला पेढे दिले. मी आयुष्यात इतका गोड पेढा खाल्ला नाही.

*

त्याच आठवड्यात सरावात तिचा गुडघा गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, "चालेल नीट. धावणं विसरा." कोच "खलास" एवढंच म्हणाला आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडला. मी काचेतून बघितलं आणि परत फिरलो.

डीन साहेबांनी मला बोलावून घेतलं. "मुकादम, ते काम खेळाडूंसाठी होतं. ती आता संघात नाही."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, घड्याळ काय पायात धरतात?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "डिग्री होईपर्यंत राहू दे."

खाली शीतल खुर्चीवर बसली होती. फोनवर बाबांना सगळं सांगून झालं होतं. मी विचारलं, "येतायत का?"

"म्हणाले, तू काढलंयस ना तिकीट? मग येतो." आणि मग ती ओक्साबोक्शी रडली.

*

बाबा, म्हणजे पवार, आले. दोरीनं बांधलेला, वर स्केचपेननं मोठ्या अक्षरात नाव घातलेला खोका घेऊन. जन्मभर असे खोके इथून तिकडे नेले, हा पहिलाच तिकडून इकडे आणलेला. गाडीत माझ्याशी हवापाण्याचं बोलले, गुडघ्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळांच्या शर्यती होत्या. मी त्यांना स्टँडमध्ये पुढे बसवलं. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर हात. शीतल फिनिश लाइनवर गुडघ्याला पट्टा बांधून, हातात घड्याळ घेऊन उभी. बंदूक वाजली, पोरी सुटल्या, सगळं स्टँड उठून ओरडायला लागलं. पवारांची नजर काही ट्रॅकवर फिरेना.

शेजारी एका मुलीचा बाप होता, आपल्याच रत्नागिरीकडचा. त्यानं ओरडता ओरडता विचारलं, "काका, ह्यातली तुमची कुठची?"

पवारांनी बोट दाखवलं. "ती. उभी आहे ना, ती माझी."