काकांना आधीच ठाऊक होतं

सेनगावात आमच्या शेजारी राहणारे काका प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ‘बराबर?’ विचारतात आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच मान डोलावतात.

त्यांची सून गरोदर होती, तेव्हा तिच्यासोबत हिंगोलीला सोनोग्राफीला मी गेले होते. मोजमाप घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पिशवीचं तोंड आखूड झालंय. बाळ वेळेआधी येऊ शकतं. हे औषध रोज घ्यायचं, चुकवायचं नाही.”

घरी येऊन मी हे सांगितलं, तर काका हसले. “आता पिशवीचं तोंडबी मोजून राहिले! आमच्या मायला आठ लेकरं झाली, तिला कोणी टेप लावला होता? बराबर?” मान डोलली. सून खाली बघत राहिली. मी औषधाचा विषय पुन्हा काढला, तर म्हणाले, “मॅडम, तुमी शाळा सांभाळा.”

औषध आलंच नाही. सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या आणि ओंजळीएवढं लेकरू नांदेडला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. नशीब, तगलं.

आता काका ओट्यावर बसून गल्लीतल्या गरोदर बायांना अडवतात. “पिशवीचं तोंड मोजलं का? आमच्या सुनेच्या टायमाला मी पहिल्यापासून सांगून राहिलो होतो, पण ऐकतं कोण?”

परवा हे त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, जराही न अडखळता. मी विचारलं, “काका, लेकरू कोणावर गेलंय हो?”

ते ओट्यावरून उठून चपला शोधू लागले. लेकरू जन्मून महिना होत आला, ते अजून नांदेडलाच पेटीत होतं, तरी काका तिकडे एकदाही गेले नव्हते.