जाणारा माग

दहिवडीहून कार्ड आलं. गणपततात्या गेल्याचं दोन ओळींत कळवलं होतं. वाचता वाचता माझी नजर आपोआप खोलीच्या कोपऱ्यात गेली. ही खोड तात्यांनी लावलेली. कुठंही जा, आधी आत बघायचं...

युद्ध संपल्यावर मिरजेजवळच्या माळावर आठवड्यातून दोनदा एक छोटं विमान उतरायचं. टपाल, चार उतारू, रात्रीचा मुक्काम आणि सकाळी मुंबई. मी तिथला कारकून, तात्या राखणदार. माण तालुक्यातले, शेरडांचा माग काढत वाढलेले, पलटणीतून डावा पाय जायबंदी करून परतलेले. बेचाळीसच्या चळवळीतले तारा तोडण्याचे, रूळ उखडण्याचे दिवस नुकतेच सरले होते. विमानाला कोणी हात लावू नये, एवढंच त्यांचं काम. बंदूक मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी आपला गावाकडचा उपाय काढला. दिवस मावळताना चुलीतली राख चाळून विमानाभोवती रुंद पट्टा टाकायचा आणि सकाळी त्यावरचे माग वाचायचे. कोल्हा, घोरपड, चहावाल्याचं कुत्रं, सगळ्यांची हजेरी ते मला सांगत. विमानाला अंगारा लावता काय, म्हणून मी त्यांची चेष्टा करायचो. ते नुसते हसायचे.

एका सकाळी मात्र ते हसले नाहीत. माझी धाकटी बहीण त्या दिवशी विमानानं सासरी निघाली होती. तिकीट मीच मोठ्या ऐटीत काढलं होतं. उतारू चढायला निघाले तसे तात्या दारासमोर आडवे उभे राहिले. हलेनात. वैमानिक चिडला. मीही चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोललो, त्याची लाज अजून वाटते. त्यांनी माझा हात धरून राखेपाशी नेलं. अनवाणी पावलं होती, विमानाकडून माळाकडं गेलेली.

"भाऊसाब, जाणारा माग हाय. येणारा न्हाई."

मला उमगायला जरा वेळ लागला, आणि उमगलं तशी मीच वैमानिकाला हाक मारली. शेपटीचा पत्रा उघडला, तर आतली सुकाणूची तार कानशीनं अर्धीअधिक घासलेली. वर गेल्यावर तुटली असती. बहीण वाचली. तो माणूस कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

लोकांनी तात्यांची पाठ थोपटली, पण त्यांची झोप उडाली ती उडालीच. एकदा म्हणाले, "मी गुणगुणत राख टाकत हुतो, अन् त्यो आत बसून माज्याकडं बघत हुता." तेव्हापासून ते आधी आत बघायचे, मग राख टाकायचे. घरीसुद्धा.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी दहिवडीला पोचलो. तात्या गेले त्या खोलीत त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, रीतीप्रमाणे दिव्याजवळ राख चाळली. गेलेला जीव येऊन गेला तर त्यात माग उमटतो म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी तो पट्टा उंबऱ्यापर्यंत मीच पसरला आणि दार ओढून घेतलं.

सकाळी काकूंनी दार उघडलं. दिव्यापासून उंबऱ्याकडं पावलं उमटली होती, डाव्या पायाची फरफट तेवढी ठळक... मी वाकून येणारा माग शोधत राहिलो.

"नका शोधू, भाऊसाब," काकू हळूच म्हणाल्या. "आपण राख टाकत हुतो तवा ते आतच हुते."

त्या संध्याकाळी आत बघायचं मी विसरलो होतो.