साबणावरचा ठसा

गल्लीत सगळे तिला किल्लीआत्या म्हणतात. वडील गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि त्यांचं किल्ल्यांचं दुकान आता बंदच पडणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तर ही बया आठवड्याच्या आत शटर वर करून हातात कानस घेऊन बसली. "मुलीच्या जातीला कुलपं उघडायचे उद्योग कशाला?" म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, तेच आता स्वतःचं दार अडकलं की धापा टाकत हिच्याकडे येतात. आत्याला याचा अभिमान आहे, आणि का नसावा?

तिचा नियम एकच. ज्याचं दार, त्याच्या समोरच किल्ली घासायची. एकदा एक फौजदार बायकोच्या कपाटाची किल्ली करून मागायला आले. आत्यानं त्यांना "वहिनींना घेऊन या" म्हणून वाटेला लावलं. वहिनी काही आल्या नाहीत.

त्या सकाळी मात्र दारात तिचा थोरला भाऊ उभा राहिला. दादांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली साबणाची वडी काढली. तिच्यावर किल्लीचा ठसा होता. आत्यानं ठशातले दात बघितले आणि लगेच ओळखले. ते कुलूप तिनं स्वतःच बसवलं होतं, भाचीच्या, म्हणजे दादांच्याच लेकीच्या खोलीला.

भाचीला आवडलेला मुलगा दादांना पसंत नव्हता. रोजच्या भांडणाला कंटाळून दोन महिन्यांपूर्वी तिनं मागच्या रस्त्यावर खोली घेतली होती. काल ती आईला भेटायला आली, तेव्हा दादांनी गुपचूप तिच्या पर्समधली किल्ली काढून साबणावर दाबली होती आणि परत ठेवली होती.

"ती कामावर गेली की जाऊन बघून येईन. कशी राहते, कोण येतं-जातं. घरचाच मामला आहे."

"दादा, तिला घेऊन ये."

"मला नियम शिकवतेस? सगळे नावं ठेवत होते, तेव्हा दुकानाबाहेर खुर्ची टाकून कोण बसलं होतं?"

हे खरं होतं. वर्षभर दादा तिथं बसले होते, कुणाची वाकडं बोलायची हिंमत झाली नव्हती. त्या माणसाला आता नाही म्हणायचं? आत्या वडी घेऊन नळापाशी गेली आणि तेलानं काळे झालेले हात तिनं त्याच साबणानं धुतले, अगदी कोपरापर्यंत, ठसा पुरता विरघळेपर्यंत.

"तू बाहेर बसलास म्हणून मी आत मोकळेपणानं काम करू शकले," ती म्हणाली. "पण एकदा तरी आत येऊन माझं काम तपासलंस का रे? नाही ना. तेवढाच विश्वास तिच्यावर टाक. आज सुट्टी आहे, ती घरीच असेल. चल."

दादा निघाले. जिन्यात दोनदा थांबले. दारापुढे उभे राहून त्यांनी हात उचलला, खाली घेतला. आपल्या माणसाचं दार वाजवायची त्यांना सवयच नव्हती. आत्या दोन पायऱ्या मागे थांबली, मुद्दाम.

अखेर त्यांनी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

दादा जरा गोंधळले. मग त्यांनी घसा साफ केला.

"मी आहे, बाळा. बाबा. आत येऊ का?"